शांत, पण कुणाच्या कानाला?

फायनल इयरच्या प्रोजेक्टची टायटलं दरवर्षी तीच असतात, हे आपल्याला सगळ्यांनाच माहीत आहे. टाकी भरली की वाजणारा बझर, काळ्या पट्टीवरून पळणारा रोबो, टाळी वाजवली की लागणारा दिवा... वर 'स्मार्ट' हा शब्द चिकटवला की झालं सबमिशन! यंदाच्या प्रदर्शनात मात्र एका ग्रुपनं मांजराच्या लिटर बॉक्सचा वास घालवणारं यंत्र मांडलं होतं. (लिटर म्हणजे दुधाचं लिटर नव्हे. घरात पाळलेलं मांजर ज्या वाळू-मातीच्या पेटीत शी-शू करतं, ती पेटी.) टेबलासमोर गर्दी भरपूर झाली, पण ती हसायला. "धाराशिवात मांजराला संडास कोण बांधून देतंय रे?" हा प्रश्न मी तिथं उभ्या उभ्या दहा जणांच्या तोंडून ऐकला.

माझं मत उलटं आहे. विषय हसण्यासारखा नाही आणि परकाही नाही. घोटाळा दुसरीकडेच आहे. यंत्रापुढे पाटी होती, 'सुरक्षित आणि शांत'. पण सुरक्षित कुणाला आणि शांत कुणाच्या कानाला, हे ना मांडणाऱ्यांनी विचारलं, ना मार्क देणाऱ्यांनी. ज्याच्यासाठी यंत्र केलं त्या मांजराचं नाक जमिनीपासून वीतभर उंचीवर असतं, आणि त्याचे कान आपल्यापेक्षा तिपटीनं वरचे सूर ऐकतात. मोजमाप मात्र सगळं आपल्या नाकाकानानं!

आधी हा 'आपला विषय' कसा, ते सांगतो. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, पण शेळीचं नाव बदलायला कुणी गेलं नाही. ती अजून उस्मानाबादीच! बहुतेक काळीभोर, आणि जुळी पिल्लं देण्यासाठी नावाजलेली. लोहारा, उमरगा, भूम, परंडा, कुठंही जा. ज्याला शेत नाही किंवा असून नसल्यासारखं आहे त्याच्या दारात दोन-चार शेरडं असतातच. आता ही शेरडं रात्री कुठं असतात? चोराची भीती, लांडग्याची भीती, पावसाळ्यात पावसाची. म्हणून पुष्कळ घरांत ती आतच बांधतात, पडवीत नाहीतर पहिल्याच खोलीत, आणि माणसं पलीकडं झोपतात. जुन्या माळवदाच्या घरात छताला भोक ठेवलेलं असायचं, त्यातून ऊब आणि वास दोन्ही वर निघून जायचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या लोहारा-उमरगा भागात सिमेंटची घरं आली. दगड-मातीच्या घरांनी जे केलं ते पाहता ही घरं आली हे चांगलंच झालं, त्यात वाद नाही. पण स्लॅबला भोक नसतं. दार लावलं की आत चार शेरडं, पाच माणसं आणि अमोनिया.

म्हणजे पुण्यातल्या फ्लॅटमधलं मांजर आणि लोहाऱ्याच्या खोलीतली शेळी, दोघांचा प्रॉब्लेम एकच आहे. बंद खोली, जनावराची लघवी आणि तिथंच झोपणारी माणसं. आपले सिनियर नोकरीला पुण्यात-हैदराबादला जातात, तिथं मांजर पाळतात आणि यंत्र ऑनलाईन मागवतात. त्यांचे आई-वडील इथं शेरडं पाळतात आणि खोकतात. इंजिनिअरिंगच्या पोरांनी दोघांसाठी एकच डोकं लावलं तर कुठं बिघडलं?

आता थोडी केमिस्ट्री, तीच जी आपण फर्स्ट इयरला पास होण्यापुरती केली. ताज्या लघवीत अमोनिया जवळजवळ नसतो. असतो तो युरिया. त्याला फोडतं युरिएज नावाचं एन्झाइम, आणि ते मुख्यतः शेणात, लेंडीत आणि जुन्या घाणीत वाढलेल्या जिवाणूंकडून येतं. म्हणजे लघवी आणि विष्ठा एकत्र येऊन ओली राहिली की अमोनियाचा कारखाना सुरू! एकत्र आली नाही, किंवा लगेच सुकली, तर कारखान्याला कच्चा माल असूनही मशीन मिळत नाही. माझ्या आज्जीनं युरिएज हा शब्द जन्मात ऐकला नाही. पण ती रोज सकाळी लेंड्या झाडून घेते, ओली जागा खुरप्यानं खरवडते आणि वर कोरडा मुरूम टाकते. "मुताला वास नसतोय लेकरा, मुरलेल्या मुताला असतोय," हे तिचं वाक्य पुस्तकात घालावं इतकं बरोबर आहे. मांजराच्या बाबतीत एवढीच दुरुस्ती, की त्याची लघवी फार घट्ट असते, कारण त्याचे पूर्वज वाळवंटातले. शिवाय तिच्यात फेलिनिन नावाचं गंधकयुक्त द्रव्य असतं, बोक्यात जास्तच, आणि तो उग्र वास त्याच्या विघटनातून येतो. बोक्याची नसबंदी केली की हा वास पुष्कळ उतरतो. हा उपाय कुठल्याही सर्किटपेक्षा स्वस्त आहे, पण त्याला प्रोजेक्ट म्हणून मार्क कोण देणार?

दुसरी गोष्ट पीएचची. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक उडणारा, वास येणारा अमोनिया आणि दुसरा न उडणारा अमोनियम. पीएच ९.२५ च्या आसपास दोन्ही निम्मे-निम्मे असतात. पीएच ७ ला उडणारा भाग शेकडा एकही नसतो, आणि पीएच १२ ला जवळजवळ सगळाच उडायला तयार. आता बघा, आपल्याकडे गोठ्यात चुना मारायची पद्धत आहे. जंतू मारायला तो उत्तम. पण ओल्या जागेवर चुना टाकला तर पीएच १२ च्या वर जातो आणि साचलेला अमोनिया एकदम खोलीत सुटतो. ज्यानं चुना टाकून लगेच दार लावलंय त्याचे डोळे का चुरचुरले, हे त्याला आता कळेल. आधी खरवडायचं, सुकू द्यायचं, शेरडं बाहेर असताना चुना मारायचा, आणि मग दार उघडं ठेवायचं. याच्या उलट काम करतं ते सुपर फॉस्फेट. आम्लधर्मी असल्यामुळे ते अमोनियाला धरून ठेवतं, आणि खताची किंमतही वाढते. मात्र ते पिल्लं चाटणार नाहीत अशा जागी, म्हणजे मचाणाच्या फळ्यांखाली टाकायचं.

मचाण पद्धत हे तर या विषयातलं सगळ्यात शांत यंत्र! जमिनीपासून उंच लाकडी फळ्या, त्यांच्यामध्ये बोटभर फट, खाली उतार. लघवी उतारानं वाहून जाते, लेंड्या वेगळ्या सुकतात. ना मोटर, ना फ्यूज. मांजरांसाठी बाजारात जे दोन मजली चाळणीचे लिटर बॉक्स मिळतात, त्यांची आयडिया हीच आहे. आणि मांजरांच्या मातीचा इतिहास तर आणखी गमतीचा. १९४७ पर्यंत अमेरिकेतसुद्धा लोक मांजराच्या पेटीत राख, वाळू नाहीतर साधी माती घालत. त्या वर्षी मिशिगन राज्यात एड लोवे नावाच्या माणसाकडे एक शेजारीण वाळू मागायला आली, राखेनं मांजराचे पाय काळे होऊन घरभर ठसे उमटतात म्हणून. त्यानं तिला कारखान्यात सांडलेलं तेल टिपायची वाळवलेली माती दिली, आणि त्यातून एक अख्खा उद्योग उभा राहिला. ती माती म्हणजे फुलर्स अर्थ, आपली मुलतानी माती! चेहऱ्याला लावतात तीच. नंतर १९८० च्या दशकात ओली झाली की गोळा धरणारी बेंटोनाइट माती आली. तिचे मोठे साठे आपल्या शेजारच्या कच्छमध्ये आहेत. ओला गोळा अलगद उचलता येतो, म्हणजे पुन्हा आज्जीचंच तत्त्व. मुरायच्या आत बाहेर काढा.

हे सगळं करूनही थोडा वास उरतोच, आणि तिथून यंत्राचं काम सुरू होतं. आधी नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं चालणार नाही.

प्रदर्शनातल्या त्या यंत्रात ओझोनचं मॉड्यूल होतं. स्वस्तात मिळतं, निळा प्रकाश दिसतो, परीक्षक खूश होतात. पण ओझोन हा फुप्फुसाला घातक वायू आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या परिशिष्टात आठ तासांसाठी अमोनियाची मर्यादा २५ पीपीएम होती, आणि ओझोनची ०.१ पीपीएम. म्हणजे ओझोन अडीचशे पट कडक! ज्याला पळवून लावायचं त्याच्यापेक्षा पळवणारा जास्त विषारी. बरं, त्यानं काम तरी व्हावं? अमोनियाशी ओझोनची हवेतली प्रक्रिया फार सावकाश होते. माणूस राहू शकेल इतक्या कमी ओझोननं वास नीट जात नाही, हे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं कधीच सांगून ठेवलंय. आणि लिटर बॉक्स म्हणजे झाकणाची छोटी पेटी. खोलीत जे विरळ असतं ते पेटीत घट्ट होतं, आणि मांजर नाक खाली घालून तिथंच बसलेलं असतं.

दुसरा उपाय म्हणजे सुगंध आणि फिनेल. घराघरात हाच चालतो, म्हणून जरा स्पष्ट सांगतो. मांजराच्या यकृतात फिनॉलसारखी द्रव्यं निकामी करणारं एक एन्झाइम कामच करत नाही. त्याचा जीनच बंद पडलेला आहे. आपल्याला साधं वाटणारं काळं फिनेल, निलगिरीचं तेल, टी ट्री ऑइल मांजराच्या पायाला लागतं, ते पाय चाटतं आणि आजारी पडतं. लघवीवर ब्लीचिंगचं पाणी ओतणं तर सगळ्यात वाईट. अमोनिया आणि हायपोक्लोराइट एकत्र आले की क्लोरामाइनचा विषारी वायू तयार होतो. कुठल्याही 'सुगंधी' यंत्राचा मूळ दोष हाच, की ते वास काढत नाही, आपलं नाक फसवतं. अमोनिया तिथंच.

मग उरतं काय? शोषून घेणं. इथंही एक गोम आहे. ॲक्टिव्हेटेड कार्बन म्हणजे रामबाण, असं सगळे धरून चालतात. नुसता कार्बन फेलिनिनच्या गंधकी वासाला चांगला, पण अमोनियाचा रेणू छोटा आणि ध्रुवीय असल्यानं तो कार्बनवर टिकत नाही. कार्बनला आधी फॉस्फोरिक किंवा सायट्रिक आम्लात भिजवून वाळवावं लागतं, मग तो अमोनियाला मीठ करून धरतो. (वेड्या बाभळीचा भट्टीतला कोळसा कुटून घातला की झाला ॲक्टिव्हेटेड कार्बन, असं नाही. आठशे-हजार अंशाला वाफेनं त्याला छिद्रं पाडावी लागतात.) आणि झिओलाइट! हा तर आपल्या पायाखालचा. दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे-गुलाबी स्फटिक सापडतात, विहीर खोदताना किंवा खदानीत पुष्कळांनी पाहिले असतील. त्यांतले स्टिल्बाइट आणि ह्युलँडाइट हे झिओलाइट आहेत. जगभर जनावरांच्या मातीत जे क्लिनोप्टिलोलाइट मिसळतात, त्याची आणि ह्युलँडाइटची आतली जाळी एकाच धाटणीची, फक्त सिलिका-ॲल्युमिनाचं प्रमाण वेगळं. झिओलाइट अमोनियमच्या आयनला आपल्या जाळीत ओढून बदल्यात सोडियम सोडतं. आपल्या दगडातलं ह्युलँडाइट या कामाला किती चालेल? सिव्हिलची लॅब आणि केमिस्ट्रीची लॅब एकाच आवारात असताना हा प्रयोग कुणीतरी करायलाच हवा. असले प्रोजेक्ट सोडून आपण टाळी वाजवून दिवे लावतो!

आता येऊ माझ्या मूळ तक्रारीकडे, आवाजाकडे.

त्या ग्रुपनं मोबाईलवरचं डेसिबल मोजायचं ॲप दाखवलं, आकडा कमी आला, टाळ्या पडल्या. पण मोबाईलचा माईक बनलाय माणसाच्या बोलण्यासाठी. आणि 'डीबीए'मधलं 'ए' हे माणसाच्याच कानाचं गणित आहे. आपल्याला जे कमी ऐकू येतं ते त्यात आधीच वजा केलेलं असतं. माणूस साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो. शेळी सुमारे ३७ हजारांपर्यंत. मांजर ६० हजारांच्याही वर. उंदराची किचकिच ऐकायला निसर्गानं त्याला हे कान दिले. आता आपल्या पार्टांकडं बघा. पेटीत मांजर आहे की नाही हे कळायला ग्रुपनं लावला होता एचसी-एसआर०४, आपल्या सगळ्यांचा लाडका अल्ट्रासॉनिक सेन्सर. तो ४० हजार हर्ट्झचे आठ-आठ ठोके सोडतो आणि प्रतिध्वनी ऐकतो. आपल्याला चिडीचूप. मांजराला मात्र अंगावर कुणीतरी सतत शिट्टी मारतंय, तेही बंद पेटीत, तेही नको त्या वेळी! तुम्ही आत असताना संडासाच्या दाराबाहेर कुणी शिट्टी वाजवत उभा राहिला तर तुम्ही दुसऱ्या दिवशी कुठं जाल? मांजर सोफ्यामागं जातं. नाहीतर त्याहून वाईट, लघवी धरून ठेवतं. बोक्याची लघवी तुंबली तर दोन-तीन दिवसांत जिवावर बेततं. इथं 'शांत' हा शब्द शोभेचा राहत नाही.

हाच सेन्सर शेरडांच्या खोलीत लावला तर शेळीला बहुधा ऐकू येणार नाही, कारण तिची हद्द ३७ हजारांपाशी संपते. पण कॉम्प्युटरचे चार वायरचे पंखे ज्या २५ हजारांच्या पीडब्ल्यूएमवर चालतात, त्यात कॉइलनं बारीक सूर धरला तर तो शेळी आणि मांजर दोघांच्याही पट्ट्यात येतो. आणि आर्डुइनो उनोच्या साध्या पिनवरून पंखा फिरवला तर ४९० हर्ट्झ, पाच आणि सहा नंबरच्या पिनवर ९८०. ही किरकिर आपल्यालाही ऐकू येते. उपाय अवघड नाहीत. हजेरी ओळखायला पीआयआर लावा, तो काहीच सोडत नाही, नुसती उष्णता बघतो. किंवा पेटीखाली लोडसेल. पंखा पीडब्ल्यूएमवर न चालवता कमी, स्थिर डीसी व्होल्टेजवर चालवा, आणि जनावर आत असताना चालवूच नका. ते गेलं की दोन मिनिटांनी सुरू.

पंख्याच्या आकाराबद्दलही बोलतो, कारण इथं आपला सिलॅबस कामाला येतो. त्या यंत्रात ४० मिलिमीटरचा, ६,००० फेऱ्यांचा पंखा होता. 'छोटं यंत्र, छोटा पंखा' हे लॉजिक. फॅन लॉ लावून बघा. हवा व्यासाच्या घनाच्या आणि फेऱ्यांच्या प्रमाणात जाते. त्याच घडणीचा १२० मिलिमीटरचा पंखा नुसत्या ८०० फेऱ्यांवर चालवला तर हवा २७ गुणिले ०.१३३, म्हणजे साडेतीन पटीच्या वर मिळते. आणि आवाज? ढोबळ नियमानं व्यासासाठी ७० लॉग, फेऱ्यांसाठी ५० लॉग. एकीकडं ३३ डेसिबल वाढतात, दुसरीकडं जवळजवळ ४४ कमी होतात. दहा डेसिबलचा निव्वळ नफा, म्हणजे कानाला निम्मा आवाज. फुकट मात्र काही मिळत नाही. दाब सहाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून कार्बनचा थर जाड आणि अरुंद करून चालणार नाही, तो पातळ आणि पसरट हवा. एवढं गणित व्हायवाला कुणी विचारलं असतं तर अख्खं यंत्र बदललं असतं.

सुरक्षिततेचं सगळ्यात मोठं प्रकरण म्हणजे हलणारे भाग. आपोआप साफ होणाऱ्या, फिरणाऱ्या पेट्यांमध्ये मांजरं अडकून मेल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत आल्या आहेत. वजनाचा काटा चार किलोच्या मांजरासाठी सेट केलेला असतो. अर्धा किलोचं पिल्लू त्याला दिसतच नाही. आणि आपल्याकडं तर आणखी एक पाहुणा आहे, लाईट! लाईट जाते, मांजर अंधारात आत शिरतं, लाईट येते, कंट्रोलर रिसेट होतो आणि पहिलंच काम म्हणून मोटर फिरवतो. ज्यानं प्रोग्रॅम लिहिला त्याच्या गावात लाईट जात नसावी. आपल्या गावात जाते. तेव्हा लाईट आल्यावर आधी हजेरी तपासायची, काही मिनिटं थांबायचं, आणि मोटर इतकी कमजोर ठेवायची की हाताचं बोट मध्ये आलं तरी ती अडून बसेल. माझ्या मते तर मोटरच नको. खुरपं बरं.

दोन छोट्या गोष्टी राहिल्या. एमक्यू-१३५ हा सेन्सर अमोनियाखेरीज दारू, धूर, बेंझीन, सगळ्यालाच हात वर करतो. दमट हवेतही आकडा हलतो. त्याची अमोनियाची पट्टी १० पीपीएमपासून पुढं, आणि आपल्या नाकाला बहुधा त्याच्या आधीच वास कळतो. त्यामुळे डिस्प्लेवरच्या शून्याला फार अर्थ नाही. शिवाय तो भिंतीवर माणसाच्या उंचीला लावतात. अमोनिया हवेपेक्षा हलका हे खरं, पण तो निघतो जमिनीतून, आणि करडं झोपतात जमिनीवर. सेन्सर त्यांच्या नाकाच्या उंचीला हवा. दुसरी गोष्ट मेकॅनिकलवाल्यांसाठी. पेटीजवळ पितळी स्क्रू किंवा उघडी तांब्याची तार ठेवू नका. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या फौजेनं आपल्याच देशात पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या तबेल्यात ठेवली आणि त्यांची पितळी टोपणं आपोआप तडकली. कारण १९२१ साली उलगडलं, घोड्यांच्या लघवीतला अमोनिया. 'सीझन क्रॅकिंग' म्हणून मटेरियलच्या पेपरात आपण जे पाठ करतो ते हेच!

बोकडाच्या वासाबद्दल कुणी विचारेल म्हणून सांगून टाकतो. तो खालच्या जमिनीतून येत नाही, त्याच्या डोक्याच्या कातडीतून येतो. २०१४ साली जपानी शास्त्रज्ञांनी त्यातलं ४-एथिलऑक्टॅनाल शोधून काढलं. शेळीच्या मेंदूत प्रजननाची चक्रं सुरू करण्यात त्या वासाचा हात आहे. म्हणजे तो प्रॉब्लेम नाहीच, ती त्यांची आपापसातली बातचीत आहे. आपल्याला नको असेल तर बोकड वेगळा बांधावा, फिल्टर लावू नये.

आता त्या ग्रुपला, आणि पुढच्या वर्षी असलं काही करणाऱ्यांना एक सुचवतो. ॲप आणि डिस्प्ले बाजूला ठेवा आणि मांजरालाच विचारा. हे जमतं. एकाच मातीच्या दोन सारख्या पेट्या ठेवायच्या, एकीवर तुमचं यंत्र चालू आणि दुसरीवर तेच यंत्र बंद. दोन्ही रोज एकाच वेळी साफ करायच्या. दोन आठवडे मांजर कुठल्या पेटीत किती वेळा गेलं ते वहीत टिपायचं. शेळीसाठी हेच खोलीच्या दोन टोकांना, रात्री ती कुठं बसते ते बघून. आणि एका आठवड्यानंतर यंत्रांची अदलाबदल करायला विसरू नका, नाहीतर मांजरानं यंत्र निवडलं की नुसता आपला आवडता कोपरा, हे कधीच कळणार नाही.